तू वळशाने आली होतीस, ताई

ताई, तू गेल्यावर ठेवलेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी अर्धंच बोललो.

वंदना होऊन गेली होती. डोणगावातली आपली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत मांडवाखाली बसली होती. मेहकर डेपोतून तुझ्या बरोबरीचे आठ-दहा जण आले होते. त्यांतले एक ड्रायव्हर उठले. तुझ्यासोबत बारा वर्षं गाडी चालवली म्हणाले. "बाईनं कधी कोणाले भर उन्हात रस्त्यात उतरवून देल्लं नाई," एवढंच बोलले आणि खाली बसून रुमालाने डोळे पुसायला लागले. मग माझं नाव पुकारलं. ताईंचे धाकटे बंधू मिलिंद, मोठ्या शहरात मेट्रोत साहेब आहेत. मी म्हणालो, ताई मला आईसारखी होती. तिच्या पगारावर मी शिकलो. आज जो आहे तो तिच्यामुळे. लोकांनी माना हलवल्या, कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी बसलो.

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं ते मी त्या पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळलं. ते आता तुला सांगतोय. तुला ते माहीत होतं, हे मला नंतर कळलं. तरीही सांगतो, कारण माझ्या तोंडून तू ते कधीच ऐकलं नाहीस.

सव्वा वर्षापूर्वी तू छातीच्या तपासणीसाठी माझ्याकडे आली होतीस. दोन पायऱ्या चढलं की दम लागतो, असं तू फोनवर म्हणाली होतीस आणि मीच म्हणालो होतो, इकडे ये, चांगल्या डॉक्टरांना दाखवू. तू आलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या ऑफिसात मोठी बैठक लागली. बाहेरून पाहुणे येणार होते आणि आमची तिकिटाची व्यवस्था मला त्यांना समजावून सांगायची होती. मी सकाळी तुझ्या हातात माझं जास्तीचं मेट्रो कार्ड ठेवलं.

"ताई, शिरताना गेटला टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. बस. रिक्षाच करायची असेल तर तीही करून देतो."

"रिक्षा कायले? तीस वर्साची होती तवापासून दुसऱ्यायले गाडीत बसवून राह्यली मी. मले गाडीत बसाचं शिकवतं काय बे?"

तू हसलीस. फाईल पिशवीत घातलीस आणि एकटी निघालीस. पहिली चूक तिथेच झाली. मी एक दिवस रजा मागू शकलो असतो. पाहुण्यांना समजावणारे माझ्याशिवाय आणखी दोघे होते.

माझं काम नेमकं काय, ते तोवर मी तुला कधी धड सांगितलंही नव्हतं. गावात तू सांगायचीस, मिल्या मेट्रोत इंजिनिअर आहे. लोकांना वाटायचं मी गाडी दुरुस्त करतो. कार्डावरून भाडं कसं कापायचं याचे नियम जिथे लिहितात त्या खोलीत मी बसतो. माणूस एका स्टेशनात शिरताना कार्ड टेकवतो आणि दुसऱ्या स्टेशनातून बाहेर पडताना टेकवतो. मशीनला ही दोनच टोकं कळतात. मधे तो कुठल्या गाडीत बसला, कुठे उतरला, कुठे गाडी बदलली, यातलं मशीनला काही दिसत नाही. वाट एकच असेल तर काही बिघडत नाही. पण आमच्याकडे मार्ग एकमेकांना दोन-तीन ठिकाणी भेटतात, त्यामुळे कितीतरी ठिकाणी जायला दोन वाटा आहेत. अशा वेळी मशीन धरून चालायचं की माणूस जवळच्याच वाटेने गेला. भाडंही त्याच वाटेचं आणि वेळेची मर्यादाही त्याच वाटेची. त्यापेक्षा जास्त वेळ कुणी आत राहिला, तर तो आत उगाच फिरत होता असं समजून लाल दिवा आणि दंड. ती मर्यादा ठरवणाऱ्या तिघांपैकी एक मी होतो.

तू जाताना नीट गेलीस. येताना मधल्या मोठ्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. तिथली लिफ्ट त्या दिवशी बंद होती आणि समोर तीन मजल्यांचा जिना. तू खालून वर पाहिलंस आणि तिथल्या रखवालदाराला विचारलंस की दुसरी वाट आहे का. त्याने सांगितलं, आहे, याच गाडीने चार स्टेशनं पुढे जा, तिथे समोरच्याच फलाटावर दुसरी गाडी लागते, पायरी चढावी लागत नाही, पण वळसा पडेल. तू वळशाने निघालीस. गाडी बदलायच्या ठिकाणी छाती भरून आली म्हणून बाकावर बसलीस. दोन गाड्या सोडल्यास. तिसरीत चढलीस आणि माझ्या घराजवळच्या स्टेशनवर उतरून गेटला कार्ड टेकवलंस. दिवा लाल झाला.

पुढचं मला माझ्या बाजूने माहीत आहे. दंडावरून वाद झाला की काउंटरवरून आमच्या खोलीत फोन येतो. दुपारची वेळ होती. टेबलाभोवती आमचे वरिष्ठ आणि चार पाहुणे. मी नुकताच पडद्याकडे बोट दाखवून म्हणालो होतो की वेळेच्या मर्यादेत फक्त रेंगाळणारेच सापडतात, खऱ्या प्रवाशाला त्रास होत नाही. फोन माझ्याजवळ होता, मीच उचलला.

"सर, एक बाई आहेत," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. "वेळ संपून गेलीय. म्हणतात, लांबून फिरून आले. आणि म्हणतात, इथे ऑफिसात मिलिंद साहेब आहेत ते माझे भाऊ आहेत. तुमचंच नाव घेतायत."

मागून मला तुझा आवाज ऐकू आला. "त्याले म्हणा, ताई आली. शोभाताई."

ताई, तो आवाज मी हजारात ओळखला असता. फोनचा आवाज मोठा होता, टेबलाभोवती सगळ्यांना ऐकू गेलं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. एका क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं: आता मी हो म्हणालो तर यांना वाटेल घरच्या माणसासाठी नियम वाकवतो, मी आत्ताच काय बोललो आणि त्याच मर्यादेत माझी बहीण अडकली, आणि याच्याही खाली, सगळ्यात खाली, तुझं ते 'त्याले'. त्या खोलीत मी पंधरा वर्षं जपून पुस्तकी बोलत आलो होतो.

मी म्हणालो, "असं सांगणारे रोज येतात. नियमाप्रमाणे घ्या." आणि फोन ठेवला.

एका पाहुण्याने हसून विचारलं, नातेवाईक निघाले वाटतं? मीही हसलो. पुढचा मुद्दा सुरू केला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा तू ओट्याशी भाकरी थापत होतीस. तुला थापू नको म्हटलं होतं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "गोळ्या देल्ल्या. वजन उचलू नका म्हणे." मी विचारलं, येताना त्रास नाही ना झाला? तू भाकरी उलटलीस. म्हणालीस, "तुह्या गेटनं लाल दिवा दाखवला."

बस, एवढंच. फोनचं नाव नाही. काउंटरचं नाव नाही. मला वाटलं, तुला फोनवरचं ऐकूच आलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्या उत्साहाने तुला नियम समजावायला बसलो. कागदावर दोन रेघा काढल्या, एक सरळ आणि एक वळणाची. तू हात धुऊन समोर येऊन बसलीस, लिफ्टचं आणि वळशाचं सांगितलंस आणि डेपोतल्या नव्या माणसाला विचारावं तसं विचारायला लागलीस.

"म्हंजे मी कोण्या वाटेनं आली हे त्याले दिसतच नाई?"

"नाही. मशीन अंदाज लावतं."

"आमचं कसं, मेहकरहून खामगावले एक गाडी जानेफळवरून जाते, एक चिखलीवरून. पाटीवरच लिहिलं राहते. अन् मी गाडीतच असते. कोण कोणत्या वाटेनं गेलं ते मले दिसते."

"इथे कंडक्टर नसतो ना, ताई."

"नाई तं नाई. मंग तुले अंदाजच लावा लागते. पण अंदाज लावाचाच हाय, तं माणसाच्या बाजूनं लाव ना. पैसे जवळच्या वाटेचे घे अन् टाइम लांबच्या वाटेचा दे. जाणारा कोणत्याबी वाटेनं जाओ, चोर तरी ठरन नाई."

मी म्हणालो, मग लोक आत बसून राहतील. तू म्हणालीस, किती बसतीन? कोणाले हौस हाय तिथं बसाची? मी म्हणालो, इतकं सोपं नसतं, हिशेब असतात, मशीनला शिकवावं लागतं. तू म्हणालीस, "मंग एखाद्या वळणावर एक मशीन ठेव. जो लांबून चालला तो तिथं कार्ड टेकवन. समजन का लांबून आला." आणि मी चिडलो. म्हणालो, "ताई, ही एसटी नाहीये."

"हाव, नाई," तू म्हणालीस. "एसटीत मी असते."

तिसऱ्या दिवशी तू गावी परत गेलीस. स्टँडवर मी तुला खिडकीची जागा पकडून दिली. त्या भांडणाचा शेवट कधी झालाच नाही.

आणि आता दुसरी गोष्ट. तुझं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. महिनाभराने मी दंडाच्या तक्रारी काढून बसलो. त्यांत कितीतरी जण तुझ्यासारखेच होते: पाय दुखणारे, पोटुशी बाई, लिफ्ट शोधत फिरणारे, चुकीच्या गाडीत बसून परत आलेले. मी टिपण तयार केलं. दोन वाटा असतील तिथे भाडं कमी अंतराच्या वाटेचं आणि वेळ जास्तीत जास्त लांबच्या वाटेची. तुझंच वाक्य, फक्त पुस्तकी भाषेत. बैठकीत मांडलं. मान्य झालं. वरिष्ठ म्हणाले, मिलिंद, हे तुला सुचलं कसं? मी म्हणालो, तक्रारी वाचता वाचता.

पुढे तो नियम लागू झाला. वळणावरच्या मशीनचंही बोलणं सुरू झालं. तू फोन केलास की विचारायचीस, "काय रे, तुह्या त्या गेटचं काय झालं?" आणि मी म्हणायचो, "काम चालू आहे, ताई." नियम बदलून चार महिने होऊन गेले होते तेव्हाही मी हेच म्हणालो. तुला वाटत असेल, श्रेय द्यायचं नव्हतं म्हणून. तेही असेल. पण खरं कारण वेगळं आहे. तुला नियम बदलल्याचं सांगितलं असतं, तर तो कुठल्या दिवसामुळे बदलला हेही निघालं असतं. मग तू फोनचं विचारलं असतंस. त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी तुझ्यापासून तुझीच चांगली बातमी लपवली. मनात म्हणायचो, प्रत्यक्ष भेटल्यावर सांगू. भेटलो तेव्हा मांडवाखाली बसायची वेळ आली होती.

कार्यक्रम आटोपल्यावर तुझी लेक प्रज्ञा मागच्या अंगणात पातेली घासत होती. बायका तिला उठ म्हणत होत्या, ती उठत नव्हती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो. इकडचं तिकडचं बोलता बोलता तिला नियमाचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या आईच्या सांगण्यावरून आमच्याकडे नियम बदलला, तिला सांगायचं राहून गेलं.

तिने हातातली राख खाली ठेवली. "मामा, एक विचारू? त्या दिवशी फोनवर तुम्हीच होते ना?"

मी मान हलवली.

"आईनं मले सांगतलं होतं. त्या बाईनं फोन काचेजवळ धरला होता. आईले सगळं ऐकू आलं."

"मग ती मला काही बोलली का नाही?"

"मीबी तेच म्हणलं. मी तं तुमच्याशी बोलनच बंद करणार होती. आई म्हणे, नको. म्हणे, तो भेला होता. आवाजावरून समजते मले. गाडीत बिनतिकिटाचा माणूस असाच बोलते, एकदम जोरानं. भेलेल्या माणसाले काय जाब इचाराचा."

प्रज्ञा पुन्हा घासायला लागली. घासता घासता म्हणाली, "पण मामा, ती त्या दिवसापासून तुमच्याकडे याचं नाव काढत नव्हती. डॉक्टरनं सहा महिन्यांनी परत बोलावलं होतं. म्हणे, इथंच दाखवू, मेहकरले."

हे वाक्य ती मुद्दाम बोलली नाही. पण त्या दिवसापासून दुसरं काही ऐकू येत नाही मला. तू परत आली असतीस तर काय झालं असतं, कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. मी एकाला विचारलं, तर म्हणाले, तसा विचार करू नका. म्हणजे करण्यासारखा आहे.

परत निघालो तेव्हा डोणगावहून मेहकरपर्यंत एसटीने आलो. उभ्याने. आणि मला बारावीचं वर्ष आठवलं. मी याच वाटेने रोज कॉलेजला जायचो आणि तू नुकतीच कंडक्टर झाली होतीस. बाईमाणूस कंडक्टर म्हणून लोक तुला बघायला चढायचे. मला तुझ्या गाडीची लाज वाटायची, कारण मी चढलो की तू सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "हा माहा भाऊ. सायन्सले हाय." बाया वळून बघायच्या. आणि लगेच माझ्यापुढे हात करायचीस. "पास दाखव."

एकदा मी पास घरी विसरलो होतो. मी हळूच म्हणालो, ताई, तुला तर माहीत आहे ना. तू म्हणालीस, माहीत हाय म्हणूनच मागून राह्यली. चिमट्याने तिकीट टोचलंस, स्वतःच्या पर्समधून पैसे काढून कंडक्टरच्या पिशवीत टाकलेस आणि तिकीट माझ्या हातात दिलंस. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. सगळ्या गाडीतल्या लोकांसमोर तू माझा अपमान केलास असं मला वाटत होतं.

ताई, नियम तूही कधी मोडला नाहीस. तू माझ्याकडून त्या दिवशी नियम मोडायची अपेक्षाही केली नव्हतीस, हे मला आता कळतं. तुला दंड माफ नको होता. तू फक्त सांगत होतीस की तू कोण आहेस. तू आधी भाऊ म्हणायचीस, मग पास मागायचीस. मला एवढंच म्हणायचं होतं: "हो, माझी ताई आहे. दंड घ्या, आणि तिला बसायला खुर्ची द्या." दोन वाक्यं. पाहुण्यांचं काही बिघडलं नसतं. माझंही नसतं.

शहरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी घराजवळच्या त्या स्टेशनवर गेलो. काउंटरवर त्याच मॅडम होत्या. मी त्यांना म्हटलं, सव्वा वर्षापूर्वी एका बाईंनी माझं नाव सांगितलं होतं, आठवतंय?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "आठवतंय, सर. काही तक्रार आली का? मी नियमानेच..."

"तक्रार नाही. त्या माझ्या बहीण होत्या."

त्या खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, "त्या जाताना मला म्हणाल्या होत्या, बाई, तुमची काही चूक नाही. पण मी खोटं नाही बोलली, एवढं ध्यानात ठेवा. मला वाटलं, सगळेच असं म्हणतात."

वादाच्या दंडाची नोंद ठेवायची एक वही असते. मी जुनी वही मागितली. त्यांनी कपाटातून काढून दिली, तारीख शोधून दिली. तुझं नाव होतं. तुझी सही होती, मोठी, ठसठशीत, कंडक्टरची. आणि शेवटच्या रकान्यात मॅडमच्या अक्षरात शेरा: 'प्रवाशाने कर्मचाऱ्याशी खोटे नाते सांगितले.'

हे त्यांनी माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं. वेगळ्या शब्दांत मीच सांगितलं होतं.

मी पेन काढलं. ती ओळ खोडली नाही, ती तशीच राहू दिली. तिच्याखाली लिहिलं: 'नाते खरे आहे. प्रवासी शोभाताई माझी सख्खी मोठी बहीण. त्या वळशाने आल्या होत्या. खोटे मी बोललो.' खाली माझं पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला, आणि सही केली.

मॅडमनी वही आपल्याकडे फिरवून वाचलं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "ही नोंद तर केव्हाच बंद झालीय. आता कुणी वाचणार नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. आणि तरीही, ताई, अक्षर नीट यावं म्हणून मी हात टेकवून लिहिलं होतं.